ओंजळभर नावं

बसा. जमिनीवर, खुर्चीत, जिथं पाठ टेकेल तिथं. मोबाइल उपडा ठेवा. आज आपल्याला एका गावाला जायचंय आणि रस्ता लांबचा आहे, तेव्हा घाई नको.

निघण्याआधी वडिलांचं नाव मनात घ्या. मग त्यांच्या वडिलांचं. मग त्यांच्याही वडिलांचं. इथपर्यंत बहुतेकांचं नीट येतं. श्राद्धाला गुरुजी तीन पिढ्या विचारतात, वसू, रुद्र आणि आदित्य या रूपांनी त्यांना बोलावतात, म्हणून तेवढी नावं घरात कुणी ना कुणी जपलेली असतात. आता आईचं नाव घ्या. तिच्या आईचं घ्या. आणि त्या आजीच्या आईचं?

इथं थांबा. नाव आलं तर दोनदा उच्चारा. नाही आलं तर जी जागा रिकामी राहिली तिच्याकडे नुसतं बघत राहा. त्या बाईनं तुमच्या आजीला जन्म दिला, अंगावर पाजलं, तिच्या तापात रात्री जागून काढल्या. ती नसती तर आत्ता जो श्वास तुम्ही घेतलात तो कुणी घेतला नसता. आणि तिचं नाव आपल्याला ठाऊक नाही. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. फक्त ती रिकामी जागा सोबत घ्या. आजच्या प्रवासात तेवढंच सामान पुरे.

माझ्याकडेही तेवढंच होतं. आमचं घर मूळचं कोकणातलं, गुहागरकडचं, आणि कुलस्वामिनी मात्र बीड जिल्ह्यातली, आंबेजोगाईची योगेश्वरी. कोकणस्थांच्या कितीतरी घरांत हे असंच आहे. लग्न झालं की नव्या जोडप्यानं समुद्राकडे पाठ करून, घाट चढून, अर्धा महाराष्ट्र ओलांडून देवीला जायचं. आजी गेली, आई गेली. मी मात्र पंचवीस वर्षं टाळत आले आणि अखेर एका नवरात्राच्या तोंडावर निघाले. सोबत माझी मैत्रीण होती. ती नगरची, मराठी ख्रिस्ती घरातली. तिचे पणजोबा बीडमधल्याच आष्टी तालुक्यातून नगरला आले, एवढंच तिच्या घरात बोललं जायचं. दोघींचा रस्ता एकच होता. तिला तिच्या पणजोबांचं गाव शोधायचं होतं आणि मला माझी देवी गाठायची होती.

म्हणून आधी नगर, आताचं अहिल्यानगर. इथं १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. ज्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुले भारावले त्या सिंथिया फरार बाई इथल्याच. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये इथूनच निघालं. पुढं रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंचं घरही याच शहरात होतं. ही नावं मोठी आहेत, पुस्तकांत आहेत. आम्हाला हवं होतं ते नाव एका जुन्या चर्चच्या कपाटात होतं.

कपाट उघडताना जो वास येतो तो मनात आणून बघा: जुना कागद, कापूर, लाकडाची भुकटी. वही मोठी होती, दोन हातांनी उचलावी लागे. कण्याला कापड चिकटवलेलं, कोपरे झिजलेले. शाई एके काळी काळी असेल, आता वाळलेल्या चहासारखी दिसत होती. अक्षर बालबोध, ठसठशीत, कुणीतरी बोरू धरायची सवय असलेल्या हातानं लिहिलेलं. रकाने आखलेले: बाप्तिस्म्याची तारीख, नाव, वय, आईबापांची नावं, गाव, पाळकाची सही.

मैत्रिणीनं बोट कागदाला लागू दिलं नाही. कागदापासून जरा वर धरून ती एकेक ओळ खाली येत होती, ताटावरून माशी वारावी इतक्या हलक्या हातानं. मग बोट थांबलं. पणजोबांचं नाव. वय ‘सुमारे ३०’. गावाचं नाव. आणि त्याखालच्या ओळीत, त्याच तारखेला, पणजीचं नाव. तिच्या बापाचं नाव. तिच्या आईचं नाव.

ती काही बोलली नाही. खूप वेळानं म्हणाली, “हिची आई पण आहे गं इथं.”

या क्षणापाशी थोडं रेंगाळू या. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनवरून गेला, आणि त्या वर्षांत नि नंतर नगर जिल्ह्यात कितीतरी कुटुंबं मिशनकडे आली. बहुतेक गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली. त्या माणसांची नावं तोवर कुठल्या वहीत होती? जमीन नाही म्हणून महसुलाच्या कागदात नाहीत. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला, पैठणला तीर्थोपाध्यायांकडे ज्या नामावळी असतात, पिढ्यान् पिढ्या आलेल्या यजमानांच्या सह्या असलेल्या, तिथं जायला त्यांना वाव नव्हता. मग एक दिवस एका खोलीत टेबलापलीकडच्या माणसानं विचारलं, “तुझं नाव काय? आईचं नाव काय?” आणि ऐकलं तसं लिहून घेतलं. त्यांनी धर्म का बदलला, याबद्दल गेली दीडशे वर्षं पुष्कळ बोललं गेलंय, आणि पुढंही बोललं जाईल. मला त्या टेबलापाशी फक्त एवढंच दिसलं, की विचारल्यावर त्या बाईनं आपल्या आईचं नाव सांगितलं आणि ते कागदावर उतरलं. आमच्या घराची नामावळ नाशिकला आहे. तीत सात पिढ्यांचे पुरुष ओळीनं उभे आहेत. माझ्या आजीच्या आईचं नाव तीत नाही.

श्वास सावकाश घ्या. आता रस्त्याला लागायचं.

नगरहून कड्यामार्गे आष्टी साठ-पासष्ट किलोमीटर. पावसाळा नुकताच सरलेला, बाजरी कापून झालेली, तूर कमरेएवढी. इथली जमीन हलकी, मुरमाड. पाऊस झाला तर झाला. आज हा प्रवास तासा-सव्वातासात संपतो आणि मध्ये कुठं काही बदललं असं जाणवत नाही. पण मैत्रिणीचे पणजोबा चालत गेले तेव्हा त्यांनी एक राज्य ओलांडलं होतं. बीड निजामाच्या मुलखात होतं, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, आणि नगर इंग्रजांच्या. तिकडं नाणं वेगळं, कचेरीतली भाषा वेगळी. डोळे मिटा आणि तो माणूस बघा: तिशीचा, अनवाणी, पाठीशी बायको, तिच्या कडेवर लेकरू, डोक्यावर बोचकं. त्याला वंशावळ शोधायची नव्हती. त्याला त्या दिवशीची भाकरी शोधायची होती. आपण ज्याला मूळ म्हणतो तिथून तो जीव मुठीत धरून निघाला होता.

गाव छोटं. वेशीतला मारुती, पार, पाराभोवती चार म्हातारी माणसं. गाडी थांबली तशी सगळ्यांनी मान वळवली.

“कुणाकडं आलाव?”

मैत्रिणीनं पणजोबांचं नाव सांगितलं. कुणालाच ओळख पटेना. आडनाव सांगितलं. त्यातले एक बाबा, डोळ्यात मोतीबिंदूची निळसर साय, थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्येंची म्हणून एक हीर हुती बगा. बुजली आता.”

ते स्वतः उठले आणि काठी टेकत आम्हाला घेऊन निघाले. गावाच्या पूर्वेला, माळाच्या कडेला, जमिनीत एक खोलगट जागा होती, परातीसारखी. तीत बाभळ उगवलेली. काठाला दोन घडीव दगड अजून शाबूत होते, आणि एकाच्या कडेला दोर घासून पडलेल्या खाचा. तीन खाचा, करंगळी बसेल एवढ्या.

गावच्या विहिरीवर पाणी भरायला ज्यांना बंदी होती त्यांची ही विहीर. मैत्रीण खाली बसली आणि त्या खाचेत तिनं बोट ठेवलं. चर्चमधल्या वहीवर तिनं बोट टेकवलं नव्हतं. इथं मात्र ते पुरतं आत घातलं.

तुम्हीही तुमच्या हाताकडे बघा. तळवा उघडा. दोर ओढणाऱ्या कितीजणींचे हात या हातात उतरले असतील? दगडाला खाच पडायला किती वर्षं रोज घागर वर यावी लागली असेल? त्या बायकांनी दगडावर काही कोरायचं मनात आणलं नव्हतं. पाणी हवं होतं म्हणून त्या दोर ओढत राहिल्या. थोडा वेळ तळवा उघडाच राहू द्या.

परत पाराशी आलो तेव्हा बाबांनी विचारलं, “मंग तुमी नोंदीसाठी आलाव का?” या जिल्ह्यात हा प्रश्न साहजिक आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाडाभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून आजोबा-पणजोबांचं नाव कुठल्या कागदात कसं लिहिलंय हा घरोघरचा विषय झाला. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कुठं मोडी, कुठं उर्दू. ज्यांनी आयुष्यात दफ्तरखान्याची पायरी चढली नव्हती ती माणसं मोडी वाचणाऱ्याच्या शेजारी बसून राहिली. आरक्षणाचा वाद मी इथं आणत नाही. मला आठवतो तो त्या माणसांचा चेहरा, मोडीचा जाणकार अक्षर लावत जातो आणि एकदम एक ओळखीचं नाव बाहेर येतं तेव्हाचा. तो चेहरा मी चर्चच्या कपाटापाशीही पाहिला होता.

जामखेडवरून पुढं सौताड्याला बालाघाट लागतो. इथं विंचरणा नदी रामेश्वराच्या देवळापाशी कड्यावरून खाली उडी घेते. घाट चढलात की कान जरा गच्च होतात, हवा बदलते. डोंगरउतारावर सीताफळीची झाडं, न लावता आलेली. बायका पाट्या मांडून रस्त्याकडेला बसलेल्या. बीडच्या सीताफळाला आता भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे फळाचंही मूळगाव कागदावर नोंदलं गेलंय. एक फळ हातात घ्या, मनातल्या मनात. डोळे उमलल्यासारखं दिसत असलं तर ते पिकलेलं. अंगठे लावून हळूच उघडा. जिभेवर गर विरघळला की बी उरते, काळी, गुळगुळीत. ती थुंकायची घाई करू नका.

पाटोदा, मांजरसुंबा, नेकनूर, केज. नावं मोठ्यानं म्हणून बघा. लोखंडी सावरगाव. मग आंबेजोगाई.

निजामाच्या काळात गावाला मोमिनाबाद म्हणत. इथं हैदराबाद काँटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी इथली. दासोपंतही इथले, १५५१ ते १६१५. त्यांच्या वंशजांनी एक वस्तू साडेतीनशेहून अधिक वर्षं सांभाळली आहे: पासोडी. सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद असं जाडंभरडं कापड, आणि त्यावर दासोपंतांनी आपल्या हातानं लिहिलेलं ‘पंचीकरण’. कागद पुरला नाही म्हणा किंवा मनात आलं ते कागदात मावेना म्हणा. घराणं जपायचं म्हणजे काय, याचा विचार करताना ते कापड माझ्या डोळ्यांपुढं येतं. प्रत्येक पावसाळ्यानंतर कुणीतरी त्याला ऊन दाखवलं असेल, कसर लागू नये म्हणून घडी मोडून पुन्हा घातली असेल. त्या हातांचा उल्लेख पासोडीवर नाही.

आणि देवी. तिची गोष्ट ठाऊक नसेल तर ऐका. ठाऊक असेल तरी ऐका. योगेश्वरी ही कोकणची लेक. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं. वऱ्हाड कोकणातून निघालं, घाट चढलं, मजल दरमजल करत इथवर आलं. परळी फक्त पंचवीस किलोमीटरवर राहिली होती. पण मुहूर्त टळला. वऱ्हाड जागच्या जागी दगडाचं झालं. जयंती नदीच्या काठी खडकात कोरलेली लेणी आहेत, त्यांना हत्तीखाना म्हणतात. अंगणात दगडी हत्ती उभे आहेत, आणि लोक सांगतात, हेच ते वऱ्हाडाचे हत्ती. इतिहासवाले लेण्यांचं शतक सांगतील. माझी आजी मात्र त्या हत्तींच्या पाठीवरून हात फिरवून आली होती आणि आयुष्यभर सांगायची, “दुपारी ऊन-ऊन लागतात गं, जिवंत असल्यासारखे.”

देवी परत गेली नाही. कुमारिका राहिली आणि इथलीच झाली.

इथं पुन्हा थांबू या, कारण मी या गोष्टीपाशी खूप वेळ बसले होते. कोकणातली शेकडो घरं जिला आपलं मूळ मानतात, ती स्वतः माहेर सोडून आलेली आहे. पोचायचं होतं तिथं ती पोचली नाही, आणि जिथं थांबली तेच तिचं ठाणं झालं. गुहागरला समुद्रावर जाऊन उभी राहिले तरी माझं मूळ इकडं बोट दाखवणार. इथं आले तर देवी तिकडं, कोकणाकडं बघणार. मैत्रिणीचे पणजोबा आष्टीहून निघाले आणि नगरला थांबले. तुमचंही कुणीतरी कुठून तरी निघालं होतं. त्या माणसाचा मुहूर्त कुठं टळला? कुठं त्यानं बोचकं खाली ठेवलं आणि म्हटलं, आता इथंच? ते ठिकाण माहीत असेल तर मनानं तिथं जा. नसेल, तर आज रात्री तुम्ही जिथं झोपणार आहात तिथली फरशी, जमीन, भिंत एकदा नीट बघून घ्या.

गाभाऱ्यात शेंदूर माखलेला देवीचा तांदळा. मी ओटी भरली: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. गुरुजींनी गोत्र विचारलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग मला काय वाटलं कोण जाणे, म्हटलं, “आजीच्या आईसाठी पण. नाव माहीत नाही.” त्यांनी वर पाहिलं नाही, की आश्चर्यही दाखवलं नाही. तर्पणात नावगोत्र ठाऊक नसलेल्यांसाठीही पाण्याची ओंजळ असते, तसंच त्यांनी सहज धरलं आणि पुढं म्हटलं. प्रसाद म्हणून तांबूल मिळाला, कुटलेला विडा. ओलसर, हिरवट-लाल गोळी. मैत्रीण दाराशी, मंडपाच्या खांबाला टेकून उभी होती. तिला अर्धा दिला. तिनं तो जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. आम्ही दोघीही बराच वेळ चावलो नाही. कात, बडीशेप, लवंग हळूहळू सुटत गेलं.

परतताना केजच्या अलीकडे चहाला थांबलो. अंधार पडू लागला होता. टपरीसमोर एक ट्रक उभा होता, आणि त्यात माणसं, पिंपं, गोधड्या, कोंबड्या, लोखंडी चुली, बांबू. ऊसतोडीची टोळी निघाली होती. दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमाराला या जिल्ह्यातून लाखो माणसं अशी निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आम्ही मूळ शोधायला इकडं आलो होतो आणि इथली माणसं घराला कुलूप लावून चालली होती.

मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. वहीत हिशेब कोयत्याचा लागतो, किती कोयते, किती उचल. बाई त्या कोयत्याचा अर्धा भाग. तिची पोरं कुठल्या तरी साखर कारखान्याच्या परिसरात, पाचटाच्या कोपीत वाढतात. शंभर वर्षांनी त्यांचं कुणी पणतवंड या रस्त्यानं आलं, तर त्याला कुठली वही उघडावी लागेल? या विचारानं माझ्या हातातला चहा निवला.

ट्रकमधून एक बाई पाणी घ्यायला उतरली होती. तिशीची असेल. तिनंच विचारलं, “देवीला आलता का?” आम्ही हो म्हटलं. बोलता बोलता मैत्रिणीनं तिला विहिरीची गोष्ट सांगितली, वहीची सांगितली. बाई लक्ष देऊन ऐकत होती. मी विचारलं, तुमच्या आईचं नाव सांगाल का? मला वाटलं होतं ती लाजेल, नवऱ्याचं नाव पुढं करील. तिनं आईचं नाव सांगितलं. मग न विचारता आजीचं सांगितलं. मग आजीच्या आईचं.

“कसं लक्षात राहिलं?”

“जात्यावर म्हणायची माझी आय.”

जात्यावरच्या ओव्या! हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यांत याच जिल्ह्यातल्या, माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्याही आहेत. आया, लेकी, भाऊ, नणंदा, सगळी माणसं त्या पिठासोबत खाली उतरत होती, आणि मी दोन दिवस नुसती कपाटं शोधत होते.

मी पिशवीतून वही काढली आणि तिनं सांगितलं तसं लिहीत गेले. एक, दोन, तीन. चौथं ती आठवत होती. तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला, मुकादम ओरडला. ती पळत गेली, कुणीतरी हात देऊन तिला वर ओढलं. ट्रक हलला, आणि गोधड्यांच्या ढिगावरून तिनं आमच्याकडे बघून चौथं नाव मोठ्यानं सांगितलं. मला एक ऐकू आलं, मैत्रिणीला दुसरं. तीन नावांखाली मी दोन्ही लिहिली आहेत, एकाखाली एक.